डाव्या तळहातावर

दिंद्रुड, ३ जानेवारी २०२५

ईश्वरी,

तुझ्याशी बोलायचं नाही हे मी दवाखान्यातच ठरवलं होतं आणि ते अजून मोडलेलं नाही. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. बोटांना काम द्या, असं बबितानं सांगितलंय. बबिता म्हणजे माजलगावहून स्कूटीवर येते ती फिजिओथेरपीवाली पोरगी, मूळची युसूफ वडगावची, घरी मेंढरं आहेत तिच्या. शेंगा सोला म्हणाली, कणीक मळा म्हणाली, रोज थोडं लिहा म्हणाली. शेंगा सोलून झाल्या. कणीक मळायला गेले तर परात पुढे सरकते आणि मी मागे. राहिलं लिहिणं. कोऱ्या पानावर काय लिहावं सुचेना, तेव्हा ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे त्यालाच लिहावं म्हटलं. रागाला शब्द शोधत बसावं लागत नाही.

अक्षर वाकडं आहे. शाळेत मला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं हे तुला माहीत आहे, तेव्हा हसू नकोस.

छाती साफ झाली म्हणे. ताप नाही, खोकला नावाला. भिवराबाई बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, लकवा गेलाय गं हिच्यावरून. लकवा नाही असं मी सांगितलं, पण घशातल्या नळीनं आवाज बसलेला, तो तिच्यापर्यंत पोचला नाही. आता साऱ्या गल्लीत मला लकवा आहे. बीडच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. एवढा मोठा न्यूमोनिया झाला, माणूस मशीनवर निजून राहिला, की शरीर आपलेच स्नायू खायला लागतं. घरातला दाणा संपला की माणसं पेरणीचं बियाणं दळतात, तसं. ते परत भरायचं तर औषधं दोनच, खाणं आणि हलणं, आणि त्याला महिने लागतील.

म्हणजे काय, तर पाण्याचा तांब्या मला उचलत नाही. पलंगावरून उठवायला तुझे बाबा काखेत हात घालतात. केस विंचरायला हात कानापर्यंत जातो आणि तिथूनच परत येतो. भांड्यांच्या दुकानाची मालकीण आणि तिला तांब्या उचलेना, याला मात्र हसलीस तर चालेल.

आता मुद्द्याचं. शुद्ध आली तेव्हा पहिला विचार गळ्याचा आला. हात गळ्याशी न्यायचा होता, तो हललाच नाही. किती तरी दिवस मी छताकडे बघत पडले होते आणि गळ्यात इष्टलिंग आहे की नाही हे मला कळत नव्हतं. विचारावं तर तोंडात नळी. नळी निघाल्यावर तूच सांगितलंस. मानेत सुई घालायची होती, नर्सची कात्री घेऊन दोरा मी कापला, लिंग माझ्या पर्समध्ये आहे. किती सरळ सांगितलंस. लहानपणी स्वामींनी बांधलेलं ते लिंग, तुझ्या वेळच्या बाळंतपणातही गळ्यातून निघालं नव्हतं. लिंग म्हणजे प्राण, असं आपल्या लिंगायतांत म्हणतात. माझा प्राण तू कंगवा आणि किल्ल्यांच्या शेजारी टाकलास.

तुझं तू कधीच काढलंस. नोकरी लागल्यावर एका दिवाळीला आलीस, डबी देवघरात ठेवलीस, विश्वास नाही तर खोटं कशाला मिरवू म्हणालीस. ते तुझं होतं. माझ्याला हात लावायला तुला कुणी सांगितलं होतं? म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं आणि तू लिंग माझ्या उशाशी ठेवून पुण्याला निघून गेलीस.

बोटं दुखायला लागली. आशीर्वाद लिहिलेला नाही, तो बोटांमुळे नाही.

शांतादेवी


दिंद्रुड, १३ जानेवारी

ईश्वरी,

उद्या संक्रांत. उद्या गोड बोलावं लागतं, म्हणून आजच लिहिते.

मागचं पत्र पोस्टात टाकायचा माझा विचार नव्हता. पण तुझे बाबा माझ्या पत्राचा फोटो काढून तुला पाठवतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. पत्र उशीखाली ठेवलं तर सकाळी ते उशीवर असतं, आणि दोन दिवसांनी कुरियरवाला प्रोटीनच्या भुकटीचा डबा घेऊन दारात. एवढा मोठा डबा की त्यात घरचं तूप मावेल. दुकानात ठेवला असता तर कुणी भाव विचारला असता.

बबिता आठवड्यातून दोनदा येते. खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. वाळूची पिशवी मनगटाला बांधून हात वर. पिशवी बघून तुझ्या बाबांना हसू आलं, एवढीशी पिशवी, दुकानातला लहानात लहान डबाही याहून जड. मग माझ्या कपाळावरचा घाम बघितला आणि ते दुकानात निघून गेले. मी दारापर्यंत जाऊन येते आता. परवा अंगणात गेले तर चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही.

डॉक्टरांचा फोन होता. जेवण कसं आहे विचारलं. छान आहे, असं मी सांगितलं. सकाळी पूजा, मग जेवण, असं माझं आयुष्यभर चालत आलंय आणि तसंच चाललंय. बाबा ताट मागच्या खोलीत आणून ठेवतात, दार लोटून घेतात, कारण पूजेच्या वेळी मला समोर कुणी चालत नाही. नंतर ताट रिकामं घेऊन जातात. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, वर तुझ्या भुकटीचं दूध. बाबा खूश आहेत.

मागच्या खोलीची खिडकी म्हाळूच्या गोठ्यावर उघडते हे तुला आठवत असेल. त्याची म्हैस यंदा चांगली अंगानं भरलीय. म्हाळू म्हणतो, पेंड बदलली. असेल.

तिळाचे लाडू वळायचे राहिले. हाताची मूठ होत नाही. बाबांनी विकतचे आणले, दगडासारखे.

शांतादेवी


दिंद्रुड, २५ जानेवारी

ईश्वरी,

हे पत्र उशीखाली नाही, गादीखाली ठेवणार आहे. तिथवर बाबांचा हात जाणार नाही, कारण गादी उचलायला मला उठवावं लागेल. तरी लिहिते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तू तशीही लांब आहेस.

माझी पूजा होत नाही.

आंघोळ होते, भस्म लावते. लिंग डाव्या तळहातावर घेते, पाणी घालते, बेलाचं पान वाहते. इथपर्यंत ठीक. मग हात डोळ्यांसमोर धरायचा, कोपर कशालाही टेकवायचं नाही, आणि जप पुरा होईपर्यंत लिंगावरची नजर हलवायची नाही. मला असंच शिकवलं आणि मी असंच करत आले. सुपारीहून जरासं मोठं ते, त्याचं वजन ते काय! पण जप सुरू झाला की हात कापायला लागतो. आधी बोटं, मग मनगट, मग खांद्यापासून सगळाच. नजर लिंगावर ठेवावी तर लिंगच नाचतं. आणि हात खाली येतो. मी वर नेते, तो पुन्हा खाली येतो. परवा ते तळव्यावरून घरंगळलं. मांडीवर पडलं, जमिनीवर नाही. पडल्या जागी मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसले आणि रडले. रडायला लई ताकद लागत नाही.

पूजा पुरी झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा नेम मी कधी मोडला नाही. तापातही नाही, प्रवासातही नाही. दवाखान्यात नळीनं जे घातलं ते मी खाल्लेलं नव्हे. घरी आल्यावर मी मनाशी म्हटलं, आता माझ्या हातानं पूजा पुरी होईल त्या दिवशीच घास घेईन. चहा, ताक, औषधाबरोबर थोडं दूध, एवढं घेते. ते औषध म्हणून. बाकीचं म्हशीला.

तू म्हणशील, बाबांना सांग. बाबा स्वामींना बोलावतील. आजारपणात मनातल्या मनात पूजा केली तरी चालते असं स्वामी सांगतील. मनातल्या मनात भाकरी खाल्ली तर पोट भरतं का? ताट ठेवायला आले तेव्हा बाबांनी एकदा म्हणूनही बघितलं, मी खालून हात धरू का. त्यांना वाटलं हात नुसताच थरथरतो. मी नको म्हटलं. माझं लिंग माझ्या हातावर. दुसऱ्याचा हात त्यात कशाला?

मला कळतं, ईश्वरी. मी काही अडाणी नाही. खाल्ल्याशिवाय हात भरणार नाही आणि हात भरल्याशिवाय मी खाणार नाही. पण मग सोडू तरी काय? सगळं अंग गेलंय. दंड बघितला तर माझाच मला ओळखू येत नाही. एवढा नेम तेवढा माझा राहिलाय.

आज हात कालच्यापेक्षा लवकर पडला.


दिंद्रुड, ९ फेब्रुवारी

ईश्वरी,

तुझ्या बाबांनी तुला फोन केलाच असेल, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मी पडले. मागच्या खोलीत भाकरी पदरात घेऊन खिडकीकडे जात होते आणि गुडघे दुमडले. लागलं नाही फार. पण उठता येईना. भिंतीला धरून बघितलं, पलंगाच्या पायाला धरून बघितलं. हाक मारली तर आवाज खोलीबाहेर जाईना. म्हैस खिडकीतून मान घालून वाट बघत होती. बाबा दुकानात गिऱ्हाईकाला पातेली दाखवत होते, त्यांचा खणखणाट मला ऐकू येत होता. बबिताची यायची वेळ होती म्हणून बरं.

तिनं आधी मला बसतं केलं, दंड चाचपला, पदरातली भाकरी बघितली, मग म्हैस बघितली.

"काकू," ती म्हणाली, "मी म्हणतेय एवढा व्यायाम करून ताकद येईना कावून. ताकद गोठ्यात चाललीय."

मग मात्र ती चिडली. रिकाम्या पोटी मी तुमच्याकडून व्यायाम करून घेत होते म्हणजे तुमचं उरलंसुरलं अंगही मीच झिजवत होते, असं म्हणाली. जेवल्याशिवाय ती पुन्हा हात लावणार नाही. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, असंच चाललं तर छाती पुन्हा धरेल, कारण खोकून कफ बाहेर काढायलाही ताकदच लागते. आणि या वेळी मशीनवर घातलं तर परत निघण्याची खात्री नाही. फोन स्पीकरवर होता. बाबा दारात उभे होते, हातात गिऱ्हाईकाचं पातेलं तसंच.

बबिता गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. भर दुपारी. मला वाटलं आता स्वामींना आणतील. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. तुझे बाबा किती बोलतात ते तुला माहीत आहे, गिऱ्हाईकाशीसुद्धा भांडंच बोलतं. पण आज बोलले, आणि मला मधे बोलू दिलं नाही.

म्हणाले, दवाखान्यात तू मशीनवर होतीस तेव्हा पोरगी रोज पहाटे माझ्या चुलतबहिणीच्या घरी आंघोळ करून यायची. दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर बसायची. पर्समधून तुझं लिंग काढायची, डाव्या हातावर घ्यायची, बाटलीतलं पाणी घालायची. बेल कुठून आणायची कोण जाणे. हात समोर धरून जप करायची, तुझ्यासारखाच, कोपर न टेकवता. जिन्यानं माणसं जायची, यायची, झाडूवाली तिला उठ म्हणायची. ती उठायची नाही. तोवर पाणी नाही, चहा नाही. मग आत येऊन तुझ्या पायाशी बसायची.

"म्या इचारलं तिला," बाबा म्हणाले, "तुझा तर इश्वास न्हाई, मग हे कावून? तर म्हणली, माझा न्हाई बाबा, आईचा हाय ना. तिला आता उचलत न्हाई, म्हणून मी धरलंय."

आणि म्हणाली होती की आईला सांगू नका. काढलं म्हणून एक राग आहेच, त्यात हातावर घेतलं म्हणून दुसरा नको.

बाबांनी भाकरी पुढे केली. खाल्ली नाही.


दिंद्रुड, १० फेब्रुवारी

ईश्वरी,

दुसरा राग आला. तुला बरोबर माहीत होतं.

एकाचं लिंग दुसऱ्यानं पूजू नये. गुरू ज्याच्या हातावर देतो त्याचंच ते. आणि तू, जिनं स्वतःचं काढून ठेवलं, ती माझं घेऊन जिन्यावर बसलीस. जिन्यावर, ईश्वरी, जिथं लोक चपला घालून चढतात. रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी उठले तर राग होता, पण नुसता राग नव्हता.

मी इतके दिवस धरून चालले होते की माझ्या पूजेत खंड पडला. त्या खंडाची भरपाई म्हणून तर हा हट्ट. आता कळलं की खंड पडलाच नाही. हात माझा नव्हता, एवढंच. आणि महादेवाला ते चाललेलं दिसतं, कारण मी जिवंत आहे.

मग मी बाबांना हाक मारली. म्हटलं, इकडे या. पोरीनं अख्खा हात दिला, तुम्ही खालून थोडासा द्या.

त्यांचा हात माझ्या हाताखाली होता. माझा कापत होता म्हणून त्यांचा पण कापत होता. जप पुरा झाला. त्यांना जप येत नाही नीट, मधेच चुकतात, पण हात काढला नाही. मग मी अर्धी भाकरी आणि वरण खाल्लं. पोटात दुखलं. थोड्या वेळानं उरलेली खाल्ली.

तुझ्या भुकटीला गोठ्याचा वास येतो. तरी प्याले.


दिंद्रुड, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ईश्वरी,

आज सगळ्या दिंद्रुडला उपास आहे आणि मी सकाळीच भाकरी, वरण आणि वाटीभर दही खाऊन बसलेय. भिवराबाई मंदिराकडे जाताना डोकावली आणि माझ्या हातात ताट बघून दारातच थांबली. लकव्यानं डोक्यावर परिणाम झाला, असं आता गावभर होईल. बबिता सकाळीच फोनवर दम देऊन बसली होती, आज जर उपास केला तर वाळूची पिशवी दुप्पट. मी म्हटलं, माझा महिनाभराचा उपास आधीच झालाय.

गेल्या पंधरवड्यात फार काही चमत्कार झालेला नाही. तांब्या अर्धा भरलेला असला तर उचलते. खुर्चीतून हात न टेकता उठते, पाच वेळा म्हटलं तर तीनदा. म्हाळू विचारत होता, म्हैस खिडकीला तोंड लावून हंबरते कावून. त्याला मी काही सांगितलं नाही.

पण सकाळचं सांगते. बाबा पूजेला बसले, हात माझ्या हाताखाली. जप अर्ध्यावर आला आणि मला वाटलं, खालचा हात हलका झालाय. नजर लिंगावरून काढायची नसते म्हणून बघितलं नाही. जप पुरा झाला तेव्हा बाबांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. मला कळलं नाही असं त्यांना वाटलं. मी पण तसंच वाटू दिलं.

आता तुला एक सांगायचं आहे, जे बाबांनाही माहीत नाही. त्यांना नेहमी वाटायचं की माझ्या पूजेला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून ते थट्टा करायचे. वेळ दुप्पटच लागायचा. तू डबी देवघरात ठेवून गेलीस त्या दिवाळीपासून, माझी पूजा झाली की मी दार नीट लावून घेत होते आणि तुझं लिंग हातावर घेत होते. तेच पाणी, तोच बेल, तोच जप. तुझा विश्वास नव्हता, तो तुझा प्रश्न. मला ते डबीत उपाशी ठेववत नव्हतं. एकाचं दुसऱ्यानं पूजू नये हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्यावर ज्या गोष्टीसाठी रागावले ती मी स्वतः रोज करत होते, फक्त जिन्यावर नाही.

आज माझं झाल्यावर तुझी डबी उघडली. ते तळहातावर घेतलं, हात वर नेला, आणि हात पडला. पुन्हा नेला, पुन्हा पडला. बाबांना हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. माझं लिंग एवढं जड वाटत नाही. ते पुसून परत डबीत ठेवलं.

तर तू ये. गळ्यात बांध असं मी म्हणणार नाही, विश्वास ठेव असंही म्हणणार नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये, आणि एक सकाळ तुझं तू हातावर घे, मी शेजारी बसेन. इतकी वर्षं दोघींचं मी उचललं. आता माझ्यात एकीचीच ताकद आहे, आणि ती पण तुझ्या बाबांचा हात खाली आहे असं धरून.

गादीखालचं पत्र यासोबत ठेवतेय. बाबांना फोटो काढायला सोपं जावं म्हणून सगळी पानं उशीवर मांडून ठेवते.

येताना ती भुकटी आणू नकोस. आणलीस तर वेलचीच्या चवीची आण.

आई